नगराचे देणे

[सोलापूर हे कापडाचे नगर म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परंतु कोणतेही नगर एकट्याच्या बळावर उभे राहत नाही. भोवतालचा प्रदेश त्यास पोसतो, आणि त्याच्याकडून काही अपेक्षाही ठेवतो. नगर व प्रदेश यांच्या या देण्याघेण्याचा परिचय प्रस्तुत पाठात करून दिला आहे.]

सोलापूर नगराच्या उत्तर भागात, तुळजापूरच्या वाटेकडे, भवानी पेठ ही गजबजलेली वस्ती आहे. सकाळ झाली की या भागातील घरांतून यंत्रमागांची खटखट ऐकू येऊ लागते. ओसरीवर मांडीवर सूप घेऊन बसलेल्या स्त्रियांचे हात विड्या वळण्यात गुंतून जातात. नळास पाणी आले म्हणजे घागरी, कळशा आणि हंडे यांचा एकच गलबला उडतो. कोठे मराठी, कोठे तेलुगू, कोठे कन्नड, तर कोठे उर्दू बोल कानी पडतात.

हे सारे पाहणाऱ्याच्या मनात एक साधा प्रश्न यावा. या वस्तीत जे दिसते, ते येते कोठून? मागावरचे सूत कापसापासून होते; पण पेठेत कापूस पिकत नाही. विडीचे पान दूरच्या जंगलांतून येते. भाकरीची ज्वारी मंगळवेढ्याच्या काळ्या रानातून येते, आणि दूध पहाटे जवळपासच्या खेड्यांतून येते. फार काय, नळाचे पाणीदेखील नगराचे नव्हे. भवानी पेठेत महानगरपालिकेचे जलशुद्धीकरण केंद्र आहे. तेथे येणारे पाणी हिप्परग्याच्या तलावातील असते, आणि तो तलाव नगरापासून काही किलोमीटरवर, शेतीच्या रानात आहे.

नगर धान्य पिकवीत नाही, पाणी साठवीत नाही. तरी लाखो माणसे तेथे राहतात, आणि प्रदेशातील खेडी त्यांस पोसतात. असे का? खेड्यांनी नगरास इतके का द्यावे? आणि जे घेतले, त्याच्या बदल्यात नगर प्रदेशास काय देते? सोलापूरचा इतिहास हे या प्रश्नांचे चांगले उत्तर आहे.

सोलापूरच्या भोवतालचा मुलूख कमी पावसाचा. भीमा आणि सीना या नद्या येथून वाहतात. परंतु सह्याद्रीवरून येणारे ढग येथपर्यंत पोहोचता पोहोचता बरेचसे रिते झालेले असतात. म्हणून येथे पाणी साठविणारा मनुष्य हाच खरा उपकारकर्ता मानला गेला. बाराव्या शतकात हे गाव सोन्नलगी या नावाने ओळखले जात असे. तेथे सिद्धरामेश्वर नावाचे थोर शिवयोगी होऊन गेले. त्यांनी कन्नड भाषेत वचने रचली. परंतु त्यांचा उपदेश शब्दांपुरता राहिला नाही. त्यांनी माळावर मोठे तळे खोदविले, आणि अनेकांचे हात त्या कामास लाविले. आजही त्या तळ्यातच सिद्धेश्वराचे मंदिर उभे आहे. दरवर्षी मकरसंक्रांतीस तेथे गड्ड्याची यात्रा भरते. उंच नंदीध्वजांची मिरवणूक निघते, आणि महाराष्ट्रातून, कर्नाटकातून व तेलंगणातून माणसे लोटतात. यात्रा आली की बाजार आलाच. अशा रीतीने पाणी, देवस्थान आणि बाजार या तिन्हींमुळे गावास नगराचे रूप येऊ लागले.

सोलापूरचे स्थानही या वाढीस अनुकूल होते. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन भाषांचे प्रदेश येथून फार दूर नाहीत. एका मुलुखातील माल दुसऱ्या मुलुखात जावयाचा, तर वाटेत हे ठाणे लागे. म्हणून येथे भुईकोट किल्ला उभा राहिला, आणि त्याच्या ताब्यासाठी अनेक सत्ता झगडल्या. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाला, तेव्हा हा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला.

पुढे १ ऑगस्ट १८५२ रोजी सोलापुरात नगरपालिका स्थापन झाली. रस्ते झाडणे, दिवे लावणे, पाण्याची सोय करणे, रोगराईस आळा घालणे, अशी कामे तिच्याकडे आली. मात्र तिचे आरंभीचे सभासद लोकांनी निवडलेले नसत. ते सरकारने नेमलेले असत. कर लोकांनी द्यावा, आणि त्याचा विनियोग कसा व्हावा हे मात्र त्यांना विचारू नये, असा तो काळ होता. नगरपालिकांत लोकनियुक्त सभासद असावेत, हे तत्त्व १८८२ नंतर हळूहळू मान्य होत गेले.

यानंतर दहा-वीस वर्षांत सोलापूरचे भाग्य पालटले. १८६० मध्ये आगगाडी सोलापुरास आली. बोरघाटाचे अवघड काम १८६३ मध्ये पूर्ण झाले, आणि मुंबई बंदराशी सलग लोहमार्गाने संबंध जुळला. १८७१ मध्ये हा मार्ग रायचूरला मद्रासकडून आलेल्या मार्गास मिळाला. याच सुमारास, १८६१ ते १८६५ या वर्षांत, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, म्हणून हिंदुस्थानातील कापसास सोन्याचा भाव आला. बैलगाडीने बाजारास कापूस आणणाऱ्या खेडुतास दूरच्या युद्धाची वार्ताही नव्हती. पण त्याच्या मालाची किंमत त्या युद्धाने ठरविली. खेड्यास दूरच्या जगाशी जोडणारा दुवा म्हणजे नगर, तो असा.

१८९७ मध्ये बार्शीची अरुंद रुळांची छोटी आगगाडी सुरू झाली. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपुरास आणि १९११ मध्ये लातुरास पोहोचली. हिच्यामुळे आतल्या तालुक्यांतील धान्य व कापूस मोठ्या लोहमार्गापर्यंत येऊ लागला, आणि पंढरीच्या वारकऱ्यांचीही सोय झाली. २००० नंतरच्या काळात ते अरुंद रूळ जाऊन तेथे रुंद लोहमार्ग झाला.

आगगाडीने माल नेला, परंतु पाऊस आणला नाही. पाण्याचा प्रश्न होता तसाच होता. म्हणून १८६६ ते १८७१ या काळात हिप्परग्याजवळ अधिला नदीवर मातीचे लांबलचक धरण बांधण्यात आले. यालाच एकरुखचा तलाव असेही म्हणतात. दख्खनमध्ये शेतीसाठी बांधलेल्या आरंभीच्या मोठ्या तलावांपैकी हा एक होय. तो बांधला शेतीसाठी. परंतु वाढत्या नगराची तहान भागविण्यासाठी लवकरच त्याचे पाणी सोलापुरासही देण्यात येऊ लागले. कालव्याने रानात जाणाऱ्या पाण्यात नगर वाटेकरी झाले, ते तेव्हापासून.

तलाव झाला, तरी एका तलावाने साऱ्या मुलुखाची तहान भागणार थोडीच! १८७६ मध्ये पावसाने दगा दिला, आणि दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. जनावरे चाऱ्यावाचून मेली. माणसे देशोधडीस लागली. त्याच दुष्काळाच्या काळात, १८७७ मध्ये, सोलापुरात कापडाची पहिली मोठी गिरणी उभी राहिली. मोरारजी गोकुळदास हे तिचे संस्थापक. ही गिरणी पुढे ‘जुनी गिरणी’ या नावाने प्रसिद्ध झाली. नंतर लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू व जाम या गिरण्या आल्या. ज्यांची शेते करपली होती, त्यांस नगरात मजुरी मिळू लागली. तेलंगणाच्या मुलुखातून पद्मशाली विणकरांची कुटुंबे आली. त्यांनी आपल्याबरोबर हातमागाची पिढीजात विद्या आणली. गिरणीचा भोंगा हेच नगराचे घड्याळ झाले. भोंगा झाला की चुली पेटत, भोंगा झाला की दिवे मालवत.

अशा कष्टकऱ्यांच्या नगरात स्वाभिमानाची जाणीव प्रखर असते. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा सोलापूरच्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकाविला. मे महिन्यात महात्मा गांधींस अटक झाली, आणि नगर खवळून उठले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. त्यानंतर ९, १० व ११ मे या दिवसांत सरकारी सत्ता नगरात नावालाही उरली नाही. अशा वेळी लूटमार माजेल, असे कोणासही वाटले असते. परंतु काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रस्त्यांवर उभे राहून वाहतूक सांभाळली, आणि लोकांनी स्वतःच नगराची व्यवस्था राखली. १२ मे रोजी सरकारने लष्करी कायदा पुकारला. तो ३० जूनपर्यंत चालू होता. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. चौघांच्या भाषा, जाती व धर्म भिन्न होते. नगर मात्र एक होते. नगराचा कारभार हा नगरवासीयांचाच असावा, हे सोलापूरने त्या तीन दिवसांत स्वतः करून दाखविले.

देश स्वतंत्र झाला, आणि लवकरच एक नवा प्रश्न उभा राहिला. १९४९ च्या ऑगस्ट महिन्यात जुनी गिरणी बंद पडली. गिरणी बंद पडली म्हणजे काय झाले? हजारो कामगारांच्या घरची चूल थंडावली, ही गोष्ट पहिली. मग वाण्याची उधारी थकली, खानावळीत माणसे येईनाशी झाली, भाजी घेऊन येणाऱ्या खेडुताची पाटी भरलेलीच परत जाऊ लागली. गिरणी मालकांची असली, तरी तिच्यावर जगणारे केवळ मालक नव्हते. जानेवारी १९५० मध्ये भारत सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपल्या हाती घेतला. कापडासारख्या आवश्यक वस्तूचे उत्पादन थांबू नये आणि कामगार बेकार होऊ नयेत, ही कारणे त्यात सांगितली होती.

हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. एका भागधारकाचे म्हणणे पडले, की मालमत्तेवरील आपला हक्क हिरावून घेतला गेला आहे. डिसेंबर १९५० मध्ये न्यायालयाने बहुमताने सरकारचा कायदा मान्य केला. परंतु तीन वर्षांनी दुसऱ्या एका भागधारकाच्या दाव्यात न्यायालयाने निर्णय दिला, की मोबदला दिल्यावाचून गिरणी अशी ताब्यात घेणे राज्यघटनेस धरून नाही. अशा निर्णयांचा विचार होऊन १९५५ मध्ये घटनेत चौथी दुरुस्ती करण्यात आली. सोलापूरच्या एका गिरणीमुळे साऱ्या देशास विचार करावा लागला, की मालकाचा हक्क कोठे संपतो आणि समाजाचे हित कोठे सुरू होते.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, आणि कारभाराची घडी नव्याने बसली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. १ मे १९६४ रोजी सोलापूर नगरपालिकेची महानगरपालिका झाली. जिल्ह्यात आज अकरा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ होती. त्यांपैकी ९,५१,५५८ लोक सोलापूर नगरात राहत होते. म्हणजे जिल्ह्यातील दर पाच माणसांमागे एकाहून किंचित अधिक माणूस या एका नगरात राहतो.

हा कारभार प्रत्यक्षात कसा चालतो, ते एका घागरभर पाण्याच्या वाटेने समजून घेता येईल. हिप्परग्याचे पाणी वाढत्या नगरास पुरेना, तेव्हा भीमेकडे पाहावे लागले. भीमेवर उजनी येथे १९८० मध्ये मोठे धरण पूर्ण झाले. त्याची साठवणक्षमता ११७ अब्ज घनफूट आहे. हे धरण राज्य शासनाच्या जलसंपदा विभागाचे आहे. शेतीस किती पाणी, नगरांस किती पाणी आणि उद्योगांस किती पाणी, याचा विचार शासनाचे अधिकारी व लोकप्रतिनिधी एकत्र बसून करतात. काही पाणी लांबच्या जलवाहिनीने सोलापुरास येते. काही नदीत सोडले जाते, ते साऱ्या जिल्ह्यातून वाहत दक्षिणेकडील टाकळीपाशी उचलले जाते. नदीकाठची गावे ग्रामपंचायती सांभाळतात. तंटा उद्भवला, तर जिल्हाधिकाऱ्यांस लक्ष घालावे लागते. नगरात आलेले पाणी शुद्ध करून घरोघर पोहोचविणे, ही महानगरपालिकेची जबाबदारी. त्यासाठी पैसा लागतो, तो घरपट्टी व पाणीपट्टी यांतून आणि शासनाच्या अनुदानातून येतो. पूर्वी नगरात येणाऱ्या मालावर वेशीवरच्या नाक्यावर जकात घेत. ती जकात आता गेली. ‘तुळजापूर नाका’ हे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले. किती कर घ्यावा व तो कोठे खर्चावा, हे लोकांनी निवडलेले नगरसेवक सभेत ठरवितात, आणि ठरावाची अंमलबजावणी आयुक्त करतात. १८५२ साली जो अधिकार लोकांना नव्हता, तो आज त्यांच्या मतात आहे.

आता या पाण्याच्या वाटेवरील एक गोष्ट सांगावयाची राहिली. उजनीचा जलाशय जेथे पसरला आहे, तेथे पूर्वी गावे होती. करमाळा, माढा, इंदापूर आदी तालुक्यांतील अनेक कुटुंबांनी नदीकाठच्या सुपीक जमिनींवर आणि घरादारांवर पाणी सोडले, तेव्हा हे पाणी साठले. उन्हाळ्यात जलाशय आटला म्हणजे जुन्या पळसदेवचे देऊळ पाण्याबाहेर डोकावू लागते. नगरातील नळाची तोटी फिरविणाऱ्यास ते देऊळ दिसत नाही. परंतु त्या पाण्याची किंमत कोणीतरी आधीच चुकती केली आहे, एवढे त्याने विसरू नये. आणि एवढे मोठे धरण असूनही सोलापुरातील वस्त्यांस कित्येक वर्षे काही दिवसांआडच पाणी मिळत आले. धरणात पाणी असणे आणि ते सर्वांस सारखे मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट पावसावर अवलंबून असते. दुसरी चांगल्या कारभारावर.

मग या सर्वांच्या बदल्यात नगर प्रदेशास काय देते? सर्वांत आधी बाजारपेठ देते. सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या हंगामात गाड्यांची रीघ लागते. जवळच्या जिल्ह्यांतील शेतकरीही आपला माल येथे आणतात. नगर रोगमुक्ततेसाठी रुग्णालये देते. १९६३ मध्ये येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि सीमेपलीकडील खेड्यांतील रुग्णही उपचारासाठी सोलापुरास येऊ लागले. नगर विद्या देते. पूर्वी येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या विद्यापीठास जोडलेली होती. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापुरातच विद्यापीठ स्थापन झाले. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. सांगोल्याच्या वा अक्कलकोटच्या शेतकऱ्याच्या मुलीस घराजवळ पदवी घेता येणे, ही लहान गोष्ट नव्हे.

नगर रोजगारही देते. परंतु रोजगाराची कथा सरळ नाही. नव्या यंत्रांची स्पर्धा, जुनी यंत्रे, वाढता खर्च व मालकांच्या अडचणी यांमुळे सोलापूरच्या मोठ्या गिरण्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व त्यानंतर एकामागून एक बंद पडल्या. भोंगे मुके झाले. पण विणकराची विद्या गिरणीच्या कुलपात अडकून पडली नाही. ती लहान लहान यंत्रमागांवर जिवंत राहिली. जेकार्डच्या मागावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साहाय्याने नक्षी उतरवून जाड, उबदार चादर विणली जाते; तिचे सोलापुरी हे नाव देशभर झाले. १९९९ च्या कायद्यान्वये या चादरीस भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसऱ्या ठिकाणी विणलेली चादर सोलापुरी म्हणून विकणे आता कायद्यास मान्य नाही. नगराचे नाव हीच विणकराची मालमत्ता झाली.

विडी वळणाऱ्या स्त्रियांनी तर सहकाराचा फार मोठा धडा घालून दिला. वर्षानुवर्षे भाड्याच्या अंधाऱ्या खोल्यांत दिवस काढणाऱ्या या स्त्रिया सहकारी संस्थेच्या रूपाने एकत्र आल्या. नगराजवळच्या कुंभारी गावच्या माळावर त्यांच्यासाठी दहा हजार घरे उभी राहिली. केंद्र शासन, राज्य शासन आणि स्वतः त्या स्त्रिया, असा तिघांचाही पैसा त्यांत होता. समाजसेविका गोदूताई परुळेकर यांचे नाव त्या वसाहतीस देण्यात आले, आणि २००६ मध्ये घरांच्या किल्ल्या स्त्रियांच्या हाती आल्या. रोज पै-पै साठविणारे हात एकत्र आले, म्हणजे शासनासही त्यांच्याबरोबर चालावे लागते, हे येथे दिसून आले. येथेही घरे नगरातील कष्टकऱ्यांची, आणि भूमी खेड्याची, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?’ अशी म्हण आहे. प्रदेश हा आड आणि नगर हा पोहरा. रानात पीक नसेल, तर बाजारात माल येत नाही; तलाव कोरडा पडला, तर नळही कोरडा पडतो; खेडी उजाड झाली, तर नगरातील दुकानेही ओस पडतात. पण म्हणीत न सांगितलेली एक गोष्ट आहे. आडात पाणी असले, तरी पोहरा फुटका असेल, तर तहानलेल्याच्या हाती काय येणार? बाजारात माप खोटे असेल, रुग्णालयात दाद लागत नसेल, कराचा पैसा योग्य ठिकाणी खर्च होत नसेल, तर प्रदेशाने दिलेले सारे वाया जाते. म्हणून आड राखणे हे जसे आवश्यक, तसाच पोहरा धड ठेवणेही आवश्यक. पहिले काम प्रदेश करतो. दुसरे काम हे नगराचे देणे आहे.

संध्याकाळी भवानी पेठेत मागांची खटखट मंदावते. वळलेल्या विड्यांचे कट्टे बांधून स्त्रिया उठतात. घागरी भरून झाल्या, तरी एखादी तोटी उघडीच राहते, आणि पाण्याची धार गटारास मिळते. तेवढ्यात एखादे मूल धावत येते व ती तोटी घट्ट बंद करते. त्या मुलाने हिप्परग्याचा तलाव पाहिलेला असेल वा नसेल. पण तलावाचे आणि तलावाकाठच्या रानाचे देणे फेडण्यास त्याने आरंभ केला आहे.

शब्दार्थ

गलबला – गोंगाट. विनियोग – उपयोग, खर्च करण्याची रीत. यादवी – एकाच देशातील लोकांचे आपसांतील युद्ध. वटहुकूम – तातडीच्या प्रसंगी शासनाने काढलेला, कायद्याइतकाच बंधनकारक हुकूम. भागधारक – कंपनीच्या भांडवलात वाटा असलेला मनुष्य. जकात – नगरात येणाऱ्या मालावरील कर. आड – लहान विहीर. पोहरा – विहिरीतून पाणी काढण्याचे भांडे. भौगोलिक मानांकन – एखादी वस्तू विशिष्ट प्रदेशाचीच आहे, अशी कायदेशीर मान्यता.

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हिप्परग्याचा तलाव मुळात कशासाठी बांधण्यात आला?
(आ) सोलापुरातील पहिली मोठी कापडगिरणी कोणत्या वर्षी उभी राहिली?
(इ) ‘तुळजापूर नाका’ या नावातील नाक्यावर पूर्वी काय होत असे?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) १८६१ ते १८६५ या काळात कापसाचा भाव वाढला.
(आ) जुनी गिरणी बंद पडल्याने भाजी विकणाऱ्या खेडुताचेही नुकसान झाले.
(इ) सोलापुरी चादरीचे नाव इतर ठिकाणी विणलेल्या चादरीस देता येत नाही.

प्रश्न ३. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) ९ ते ११ मे १९३० या दिवसांत सोलापूरकरांनी काय करून दाखविले?
(आ) १८५२ ची नगरपालिका आणि आजची महानगरपालिका यांच्या कारभारातील मुख्य फरक कोणता?
(इ) गिरणीच्या मालकाचे म्हणणे आणि शासनाचे म्हणणे, या दोहोंपैकी तुम्हांस कोणते अधिक पटते? कारणांसह लिहा.

प्रश्न ४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
देशोधडीस लागणे, घरादारावर पाणी सोडणे, चूल थंडावणे, दगा देणे.

प्रश्न ५. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?’ या म्हणीचा पाठात केलेला विस्तार स्वतःच्या शब्दांत लिहा.

उपक्रम : तुमच्या घरी येणारे पाणी कोणत्या नदीतून, तलावातून वा विहिरीतून येते, आणि ते तुमच्यापर्यंत आणण्याचे काम कोणकोणत्या संस्था करतात, याची वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा. त्या पाण्याच्या वाटेचा नकाशा काढून वर्गात लावा.